कॅल्मॉड्युलिनवरचं फॉस्फेट शोधताना

किरणोत्सर्गी प्रथिनाने फिल्मवर काळा बँड, म्हणजे पट्टा, उमटवला की काम झालं, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तिथून काम सुरू होतं. तो बँड कोणत्या प्रथिनाचा, आणि त्यावरचं फॉस्फेट नेमकं कोणत्या अमिनो आम्लावर बसलंय, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात येईपर्यंत ती नुसती काळी रेघ असते. माझ्या पीएचडीचा मोठा भाग या दोन प्रश्नांत गेला. प्रथिन होतं कॅल्मॉड्युलिन, आणि पेशी होत्या राऊस सार्कोमा विषाणूने रूपांतरित केलेल्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशींसारख्या वागायला लावलेल्या, कोंबडीच्या भ्रूणाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी).

थोडी पार्श्वभूमी सांगते. पेटन राऊस यांनी १९११ साली प्लायमाउथ रॉक जातीच्या कोंबडीतल्या गाठीचा अर्क गाळून घेतला आणि पेशी नसलेल्या त्या द्रवाने दुसऱ्या कोंबड्यांत तीच गाठ उगवते हे दाखवलं. नोबेल मिळायला त्यांना १९६६ साल उजाडावं लागलं. त्या विषाणूतलं कर्करोग घडवणारं जनुक म्हणजे सार्क. या जनुकापासून बनणारं प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं, म्हणजे ते काइनेज आहे, हे १९७८ मध्ये कळलं. पण फॉस्फेट चढवणारी काइनेजं आधीही माहीत होती. ती सेरीन आणि थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर काम करायची. सार्क मात्र टायरोसिनवर काम करतं, हे टोनी हंटर आणि बार्थोलोम्यू सेफ्टन यांनी १९८० मध्ये दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी हंटर यांना एका दुसऱ्या विषाणूच्या प्रथिनासोबत फॉस्फोटायरोसिन पहिल्यांदा दिसलं होतं. प्रयोगातला बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) जुना झाल्यामुळे त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर घसरला होता, आणि एरवी फॉस्फोथ्रिओनिनसोबतच धावणारा ठिपका त्या दिवशी वेगळा पडला. या गोष्टीचा मी पुढे रोज उपयोग केला, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता कॅल्मॉड्युलिन. १४८ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, वजन साधारण १६.७ किलोडाल्टन. त्यात कॅल्शियम धरणारे चार खोबण असतात. शांत पेशीच्या आत कॅल्शियम जवळजवळ १०० नॅनोमोलर एवढंच असतं आणि पेशीबाहेर ते त्याच्या दहा हजार पटींनी जास्त. पेशीला काही इशारा मिळाला की आतलं कॅल्शियम वाढतं, ते कॅल्मॉड्युलिनच्या खोबणांत बसतं, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि मग ते कितीतरी एन्झाइमांना जाऊन चिकटतं. म्हणजे पेशीत कॅल्शियमची बातमी पोहोचवणारं हे प्रथिन. अशा प्रथिनावर कर्करोगाच्या काइनेजने फॉस्फेट चढवलं तर काय होईल, हा प्रश्न मला पहिल्यांदा वाचला तेव्हाच भिडला. १९८६ साली जपानी संशोधकांच्या एका गटाने राऊस विषाणूने रूपांतरित झालेल्या पेशींत कॅल्मॉड्युलिनच्या टायरोसिनवर फॉस्फेट असतं असं प्रसिद्ध केलं होतं. आमच्या प्रयोगशाळेला पुढचं काम करायचं होतं, पण त्याआधी ते आमच्या हातांनी, आमच्या पेशींत दिसायला हवं होतं.

"दुसऱ्याच्या निकालावर आपली इमारत बांधायची असेल तर आधी तो निकाल स्वतः करून बघायचा," माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या वेळी मला त्यात वेळ जाईल असं वाटलं होतं. आज मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगते.

पेशी तयार करणं हा सगळ्यात निवांत टप्पा. दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यांतून भ्रूण काढायचे, डोकं आणि आतले अवयव बाजूला करायचे, उरलेलं बारीक करून ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या आणि डिशमध्ये पसरायच्या. यात फार सांगण्यासारखं नाही, हात बसला की होतं. महत्त्वाची होती विषाणूची निवड. आम्ही तापमानाला संवेदनशील असा उत्परिवर्तित विषाणू घेतला. अशा विषाणूचं सार्क ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतं आणि ४१ अंशांना निकामी होतं. कोंबडीचं शरीर मुळातच ४१ अंशांच्या जवळपास गरम असतं, त्यामुळे त्या तापमानाचा पेशींना त्रास होत नाही. याचा फायदा काय? विषाणू असलेली डिश आणि विषाणू नसलेली डिश यांची तुलना केली तर फरक विषाणूच्या दुसऱ्या कुठल्या जनुकामुळेही पडू शकतो. इथे विषाणू दोन्ही डिशमध्ये तोच, पेशी त्याच, फक्त सार्क चालू किंवा बंद. शिवाय साध्या, विषाणू नसलेल्या पेशी दोन्ही तापमानांना वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे नुसत्या तापमानाने काय होतं तेही कळतं.

३५ अंशांवर आणलेल्या डिश सूक्ष्मदर्शकाखाली बघणं मला कायम आवडलं. ४१ अंशांवर पेशी लांबट, चपट्या, एकमेकींना समांतर पसरलेल्या असतात. तापमान उतरवल्यावर काही तासांत त्यांच्या कडा आक्रसायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर डिशभर गोल, चकाकणाऱ्या पेशी, काही तर पृष्ठभाग सोडून एकमेकींवर चढलेल्या. परत ४१ अंशांवर नेल्या की पुन्हा पसरतात. एका एन्झाइमच्या चालू-बंद होण्याने पेशीचं सगळं रूप पालटतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं.

पुढचा टप्पा किरणोत्सर्गी फॉस्फरसचा. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवस असतं, म्हणजे मागवलेली बाटली आली की काम तयार हवं, पेशी तयार हव्यात, नाहीतर ती फ्रीजमध्ये पडून कमी होत राहते. त्यातून निघणारे बीटा कण बऱ्यापैकी ताकदीचे असतात, कमाल ऊर्जा १.७१ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यांच्यासमोर शिशाचा पडदा लावायचा नाही, कारण जड धातूत असे कण थांबताना क्ष-किरण तयार होतात. एक सेंटिमीटर जाड पारदर्शक ॲक्रिलिक लावायचं. मी त्या ॲक्रिलिकच्या मागे हात घालून, बोटात डोसीमीटरची अंगठी घालून, बाजूला किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर चालू ठेवून काम करायला शिकले. काउंटर बंद ठेवून एकही नळी उघडायची नाही, हा नियम सुरक्षा अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावला होता. तो मी कधी मोडला नाही आणि कोणाला मोडू दिला नाही.

पेशींना आधी फॉस्फेट नसलेल्या माध्यमात ठेवायचं, मग किरणोत्सर्गी फॉस्फेट द्यायचं आणि काही तास थांबायचं. पेशी ते फॉस्फेट आत घेतात, त्यापासून एटीपी बनवतात, आणि काइनेजं त्या एटीपीतलं फॉस्फेट प्रथिनांवर चढवतात. इथे एक खाच आहे, जी कळायला मला वाचन करावं लागलं. रूपांतरित पेशींची भूक साध्या पेशींसारखी नसते. त्यांनी जर फॉस्फेटच जास्त आत घेतलं, तर त्यांचा एटीपी जास्त किरणोत्सर्गी होईल, आणि मग प्रत्येक प्रथिनाचा बँड जास्त काळा दिसेल, त्यावर एकही जास्तीचं फॉस्फेट चढलेलं नसताना. म्हणून प्रत्येक नमुन्यात एकूण प्रथिनांत किती किरणोत्सर्ग गेला हे मोजायचं आणि एटीपीचा किरणोत्सर्गही तपासायचा. हे आकडे शेजारी मांडल्याशिवाय "रूपांतरित पेशींत जास्त" हे शब्द मॅडम आमच्याकडून ऐकूनच घेत नसत.

पेशी फोडण्याचा क्षण सगळ्यात नाजूक. पेशीत टायरोसिनवरचं फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेजं भरपूर असतात. पेशी फुटली की ती मोकळी होतात आणि आपण जे बघायला आलोय तेच मिनिटांत पुसून टाकतात. त्यांना थोपवायला सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट वापरतात. व्हॅनाडेटचा रेणू फॉस्फेटसारखा दिसतो आणि या एन्झाइमांच्या तोंडात अडकून बसतो. पण ते नीट तयार करावं लागतं. द्रावणाचा पीएच १० वर आणला की ते पिवळं दिसतं, कारण व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना जोडून गुच्छ झालेले असतात. उकळलं की हळूहळू पिवळेपणा जातो आणि द्रावण पाण्यासारखं होतं. गार केलं, पीएच पुन्हा १० वर आणला की परत पिवळी छटा येते. परत उकळायचं. गार झाल्यावरही रंग येत नाही आणि पीएच स्थिर राहतो, तेव्हाच ते वापरायला योग्य. काचेच्या चंचुपात्रात तो पिवळा रंग विरताना बघत उभं राहणं हा माझ्या कित्येक सकाळींचा भाग होता. बाजारात तयार द्रावणं मिळतात, पण मी अजूनही घरचंच म्हणजे प्रयोगशाळेत उकळलेलं वापरते.

सेरीन आणि थ्रिओनिनच्या फॉस्फेटेजांसाठी सोडियम फ्लुओराइड. पण कॅल्मॉड्युलिनच्या कामात पुढे कॅल्शियम घालायचं असतं, आणि फ्लुओराइड व कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम फ्लुओराइडचा पांढरा साका बसतो. फॉस्फेटचा बफर असेल तर तीच कथा. म्हणून पेशी फोडताना ट्रिस बफर, त्यात व्हॅनाडेट, फ्लुओराइड आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए. हा बफर जवळजवळ उकळता गरम करून थेट डिशवर ओतायचा. उष्णतेने फॉस्फेटेजं मरतात, आणि गंमत म्हणजे पेशीतली बहुतेक प्रथिनंही गोळा होऊन पांढरी पडतात, अंड्याचा बलक नव्हे, पांढरा भाग उकळल्यावर होतो तसा. कॅल्मॉड्युलिनला मात्र काही होत नाही. ते उकळत्या पाण्यातून सुखरूप बाहेर पडतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर गोळा तळाशी, कॅल्मॉड्युलिन वरच्या पाण्यात. ज्या एका उष्णतेने पेशीतला बाकीचा गोंधळ बाजूला होतो, तीच आपल्या प्रथिनाला वेगळं काढून देते. या प्रथिनावर माझा जीव जडला तो इथे.

त्या वरच्या पाण्यातून फ्लुओराइड काढून टाकायचं, मग कॅल्शियम घालायचं आणि फिनाइल-सेफारोजच्या कॉलमवर, म्हणजे पाणी टाळणाऱ्या मण्यांनी भरलेल्या नळीत, सोडायचं. कॅल्शियम धरलेलं कॅल्मॉड्युलिन आपली तेलकट, पाणी टाळणारी बाजू उघडी करतं आणि कॉलमला चिकटतं. भरपूर मिठाच्या बफरने धुवायचं. शेवटी ईजीटीए घातलं की कॅल्शियम निघून जातं, प्रथिन मिटतं आणि कॉलममधून खाली येतं. म्हणजे कॅल्शियम आल्यावर चिकटणं आणि गेल्यावर सुटणं, हीच ओळखीची पहिली खूण. एस-१०० कुळातली काही प्रथिनंही अशीच वागतात, उष्णताही सोसतात, पण ती लहान असतात, साधारण १० किलोडाल्टन, त्यामुळे जेलवर, म्हणजे विजेच्या प्रवाहात प्रथिनं आकारमानाप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरात, वेगळी दिसतात.

कॉलमच्या या पायरीवर नवीन मुलं घाबरतात, म्हणून सांगते. कॉलममधून आधी जे आरपार जातं, त्याच्याजवळ गायगर काउंटर नेला की तो किंचाळतो. चिकटून राहिलेलं ईजीटीएने काढलं की काउंटर जवळजवळ गप्प. वाटतं, सगळं वाहून गेलं. पण पेशीने घेतलेल्या किरणोत्सर्गी फॉस्फेटचा मोठा भाग आरएनएमध्ये, मोकळ्या न्यूक्लिओटाइडांमध्ये आणि मेदांमध्ये गेलेला असतो. तो आवाज बहुतांशी त्यांचा. आपल्याला हवं असलेलं फॉस्फेट त्या आवाजाच्या मानाने नगण्य असतं. गप्प नळीच जपून ठेवायची.

आणखी एक गोष्ट. पेशी उकळून झाल्यावर मी प्रत्येक नमुन्यात गायीच्या मेंदूतून काढलेलं साधं, किरणोत्सर्गी नसलेलं कॅल्मॉड्युलिन ठरावीक प्रमाणात घालत असे. सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत कॅल्मॉड्युलिनचा अमिनो आम्लांचा क्रम तोच असतो, म्हणून गायीचं आणि कोंबडीचं वेगळं ओळखू येत नाही. याने दोन कामं होतात. थोडंसं प्रथिन वाटेत नळ्यांच्या भिंतींना चिकटून हरवत नाही, आणि जेल रंगवल्यावर बँड कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं.

जेल चालवलं, सुकवलं, फिल्मवर ठेवलं, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. फिल्म धुतली तेव्हा ३५ अंशांच्या रांगेत, रंगवलेल्या कॅल्मॉड्युलिनच्या अगदी बरोबरीने, काळा बँड होता. ४१ अंशांच्या रांगेत फिकट. मी फिल्म ओलीच घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

त्यांनी ती खिडकीसमोर धरली, बराच वेळ बघितली. मग विचारलं, "हा कॅल्मॉड्युलिनचाच बँड आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"मॅडम, रंगवलेल्या बँडवर तंतोतंत बसतोय."

"एकाच उंचीवर दोन प्रथिनं धावू शकतात ना? आणि ४१ अंशांवर जो फिकट बँड आहे, तो कसला? तिथे तर तुझं सार्क बंद आहे. बस आणि सांग मला."

दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि दुसरा जास्त खोल होता. आधी पहिल्याचं उत्तर.

कॅल्मॉड्युलिनची एक विलक्षण सवय आहे. बहुतेक प्रथिनं एसडीएस (एक डिटर्जंट) घातलेल्या जेलमध्ये आपल्या वजनाप्रमाणे धावतात, कॅल्शियम असो वा नसो. एसडीएसने त्यांची घडी मोडलेली असते, त्यामुळे कॅल्शियम धरायला जागाच उरत नाही. कॅल्मॉड्युलिन मात्र एसडीएसमध्येही कॅल्शियम धरून ठेवतं. एकच नमुना शेजारी-शेजारी दोन रांगांत टाकायचा, एकात कॅल्शियम, एकात ईजीटीए. कॅल्शियमच्या रांगेत कॅल्मॉड्युलिन वेगाने धावून खाली जातं, ईजीटीएच्या रांगेत वर राहतं. साध्या रंगवलेल्या जेलवरही फरक ठळक दिसतो. मला बघायचं होतं ते किरणोत्सर्गी बँडचं. रंगवलेला बँड सरकला आणि काळा बँड जागीच राहिला, तर तो दुसऱ्या कोणाचा तरी. दोन्ही एकदम सरकले, तर फॉस्फेट कॅल्मॉड्युलिनवरच आहे.

दोन्ही सरकले. फिल्म रंगवलेल्या जेलवर ठेवून मी पुन्हा पुन्हा कडा जुळवून बघितल्या. कॅल्शियमच्या रांगेत खाली, ईजीटीएच्या रांगेत वर, दोन्हीकडे काळा बँड निळ्याच्या डोक्यावर. प्रतिपिंडाशिवाय, दुसऱ्या कुठल्याही खर्चिक साधनाशिवाय, प्रथिनाने स्वतःच्या स्वभावाने आपली ओळख पटवून दिली होती. कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आधी करावी असं माझं ठाम मत आहे. ती साधी आहे म्हणून लोक ती गाळतात आणि थेट महागड्या चाचण्यांकडे जातात.

आता दुसरा प्रश्न. ४१ अंशांवरचा फिकट बँड. कॅल्मॉड्युलिनवर फॉस्फेट चढवणारं सार्क हे एकमेव काइनेज नाही. केसीन काइनेज-२ नावाचं एन्झाइम जवळजवळ सगळ्या पेशींत असतं, आणि ते कॅल्मॉड्युलिनच्या ७९ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर, ८१ आणि १०१ क्रमांकांच्या सेरीनांवर, ११७ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढवू शकतं. म्हणजे माझा काळा बँड पूर्णपणे सेरीन-थ्रिओनिनचा असण्याची शक्यता होती. पेशीतल्या प्रथिनांवरचं बहुतेक सगळं फॉस्फेट सेरीन आणि थ्रिओनिनवरच असतं. साध्या पेशींत टायरोसिनचा वाटा हंटर आणि सेफ्टन यांनी मोजला तो सुमारे ०.०३ टक्के, आणि राऊस विषाणूने रूपांतरित पेशींत तो दसपटीच्या आसपास वाढतो. दसपट वाढूनही तो एक टक्क्याच्या आतच राहतो. अशा ठिकाणी "बँड गडद झाला म्हणजे टायरोसिन" असं म्हणणं धाडसाचं.

एक झटपट चाचणी आहे. जेल ५५ अंशांच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये दोन तास ठेवायचं. सेरीनवरचं फॉस्फेट अल्कलीत निघून जातं, टायरोसिनवरचं टिकतं. मी ती केली, ३५ अंशांचा बँड फिकट झाला पण पुसला गेला नाही. पण थ्रिओनिनवरचं फॉस्फेटही अल्कलीत काही प्रमाणात टिकतं, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही. फॉस्फोअमिनो आम्लांचं विश्लेषण करावंच लागतं.

हे विश्लेषण आता फारशा प्रयोगशाळांत कोणी करत नाही. फॉस्फोटायरोसिन ओळखणारी प्रतिपिंडं आली, मास स्पेक्ट्रोमीटर आले. पण किरणोत्सर्गी फॉस्फेट तीन अमिनो आम्लांत कसं वाटलं गेलंय हे एका नजरेत दाखवणारं याच्याइतकं स्वच्छ तंत्र मी दुसरं बघितलेलं नाही. जेलमधून बँड कापायचा, प्रथिन बाहेर काढायचं, ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना साधारण तासभर ठेवायचं. प्रथिनाची साखळी तुटून अमिनो आम्लं सुटी होतात. वेळ इथे तडजोडीचा असतो. कमी ठेवलं तर साखळी अर्धवट तुटते, जास्त ठेवलं तर फॉस्फेटच सुटून जातं. मग आम्ल उडवून टाकायचं, उरलेल्या अंशात फॉस्फोसेरीन, फॉस्फोथ्रिओनिन आणि फॉस्फोटायरोसिन यांचे साधे, किरणोत्सर्गी नसलेले नमुने मिसळायचे, आणि सेल्युलोजच्या पातळ थराच्या काचेवर एक बारीक ठिपका द्यायचा. ठिपका जितका लहान तितका निकाल सुबक. मी अर्धा-अर्धा मायक्रोलिटर टाकून मध्ये मध्ये वाळवत असे, श्वास रोखून.

मग विजेच्या प्रवाहात ठिपके धावू द्यायचे. पहिली दौड पीएच १.९ वर, आडवी. यात सेरीनवालं पुढे जातं, थ्रिओनिनवालं आणि टायरोसिनवालं बरोबरच राहतात. मग काच वाळवायची, फिरवायची, आणि दुसरी दौड पीएच ३.५ वर. इथे सेरीन सगळ्यांत पुढे, मग थ्रिओनिन, आणि टायरोसिन सगळ्यांत मागे. दोन दौडींनंतर तिघांचे तीन ठिपके तीन जागी. काचेवर निनहायड्रिन फवारायचं आणि गरम करायचं. हळूहळू तीन जांभळे ठिपके वर येतात. पेन्सिलीने त्यांभोवती गोल काढायचे, काच फिल्मवर ठेवायची आणि धीर धरायचा. इथे किरणोत्सर्ग इतका कमी असतो की फिल्म आठवडे-आठवडे ठेवावी लागते, आणि तिकडे फॉस्फरस-३२ रोज कमी होत असतो.

४१ अंशांच्या काचेवर सेरीनच्या आणि थ्रिओनिनच्या गोलांत काळे ठिपके होते, टायरोसिनच्या गोलात काही नव्हतं. विषाणू नसलेल्या पेशींत, दोन्ही तापमानांना, तसंच. ३५ अंशांच्या काचेवर ते दोन ठिपके होतेच, आणि टायरोसिनच्या जांभळ्या गोलात एक लहान, पण गोलाच्या कडांना धरून बसलेला काळा ठिपका होता. सार्क चालू असेल तेव्हाच येणारा. मॅडमनी या वेळी काही विचारलं नाही. काच परत माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता लिहायला घे."

लिहायला घेतल्यावर मनात जो प्रश्न घोळत होता तो मोठा होता. फॉस्फेट चढतं हे खरं, पण त्याने पेशी कर्करोगाची होते का? या क्षेत्रात या प्रश्नाचा इतिहास सावध करणारा आहे. कॅल्शियम धरणारंच दुसरं एक प्रथिन, ॲनेक्झिन-२, वजन ३६ किलोडाल्टन, राऊस विषाणूने रूपांतरित पेशींत सार्कचं लक्ष्य म्हणून १९८० मध्येच सापडलं होतं. त्याच्या २३ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढतं, आणि ठळकपणे चढतं. हेच रूपांतराचं कारण असेल अशी आशा होती. मग १९८६ मध्ये असं दिसलं की सार्कच्या टोकाला लागणारं मिरिस्टिक आम्ल काढून टाकलं, तर सार्क पेशीच्या पडद्याला चिकटत नाही, त्याचं काइनेजचं काम चालू राहतं, तेव्हा ठाऊक असलेल्या लक्ष्य-प्रथिनांवर फॉस्फेट चढतं, आणि तरीही पेशी रूपांतरित होत नाही. बेलगाम काइनेजच्या वाटेत जे भरपूर असेल त्यावर फॉस्फेट चढणारच. माझ्या पेशींतही एकूण कॅल्मॉड्युलिनच्या मानाने टायरोसिनवर फॉस्फेट असलेलं कॅल्मॉड्युलिन फारच थोडं होतं. त्यामुळे प्रबंधात मी "कॅल्मॉड्युलिनच्या फॉस्फेटमुळे रूपांतर होतं" असं कुठेही लिहिलं नाही आणि आजही लिहिणार नाही. थोडं असूनही एखाद्या ठिकाणी, पडद्याजवळ, ते परिणाम करत असेल ही शक्यता मात्र मी सोडलेली नाही.

त्या शक्यतेला धरून शेवटचा प्रयोग केला. पृष्ठवंशीयांच्या कॅल्मॉड्युलिनमध्ये टायरोसिन दोनच आहेत, ९९ आणि १३८ क्रमांकांवर. फॉस्फेट कोणावर? कॅल्शियम नसताना थ्रॉम्बिन हे एन्झाइम कॅल्मॉड्युलिनला १०६ आणि १०७ यांच्यामध्ये कापतं. मोठ्या तुकड्यात ९९ जातं, लहान तुकड्यात १३८. दोन टायरोसिनं, एक काप, दोन तुकडे. इतका सोपा प्रश्न निसर्ग क्वचितच विचारू देतो. मी ईजीटीएमध्ये काप दिला, जेल चालवलं, आणि तुकड्यांची फॉस्फोअमिनो आम्लं तपासली. टायरोसिनचा ठिपका मोठ्या तुकड्याच्या काचेवर आला, म्हणजे ९९. आधी प्रसिद्ध झालेल्या निकालाशी जुळणारा.

९९ कुठे आहे ते बघितल्यावर एक जुनं निरीक्षण नीट समजलं. परीक्षानळीत सार्क आणि कॅल्मॉड्युलिन एकत्र ठेवून कॅल्शियम घातलं की टायरोसिनवर फॉस्फेट चढणं मंदावतं. तिसरी कॅल्शियमची खोबण ९३ ते १०४ अशी पसरलेली आहे, आणि ९९ हा तिच्यातला सातवा. या जागेच्या साखळीचा ऑक्सिजन स्वतः कॅल्शियमला धरतो. कॅल्शियम बसलेलं असताना ती वेटोळी घट्ट आवळलेली असते, आणि काइनेजला त्या टायरोसिनपर्यंत पोहोचणं अवघड जात असावं. म्हणजे जिवंत पेशीत सार्क ज्या कॅल्मॉड्युलिनवर खूण करतं, ते बहुधा कॅल्शियम न धरलेलं, रिकामं कॅल्मॉड्युलिन असणार. आतापर्यंत रिकाम्या कॅल्मॉड्युलिनकडे आम्ही सगळे 'वाट बघत बसलेलं प्रथिन' म्हणून दुर्लक्ष करत होतो. सध्या माझ्या विद्यार्थ्यांचं काम त्याच्यावर चालू आहे. ९९ च्या जागी टायरोसिनऐवजी, फॉस्फेट चढू शकत नाही असं फिनाइल-ॲलानिन ठेवलेलं कॅल्मॉड्युलिन आम्ही बनवून घेतलंय. सार्क चालू असलेल्या पेशींत ते कुठे जातं, कोणाला चिकटतं, हे आता बघायचं आहे.